मिलानची गॅलेरिया की पॅरिसचे पासाज?

सहलीच्या शेवटी एक दिवस शिल्लक होता. तो मिलानला द्यायचा की पॅरिसला, यावर घरात बरीच घासाघीस झाली. दोन्हीकडचे काचेच्या छपराचे जुने बाजार, म्हणजे तिथली गॅलेरिया आणि इथले पासाज, आम्ही पाहिले, तेही पावसात आणि आईला बरोबर घेऊन. ज्यांना एकच जमणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दिमाखात मिलानचा हात कुणी धरणार नाही. मधल्या अष्टकोनी चौकावरचा काचेचा घुमट सुमारे ४७ मीटर उंच. मान दुखेपर्यंत वर बघत राहतो आपण. १८६५ साली राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा इटली एक होऊन चारच वर्षं झाली होती. नव्या देशाची ऐट त्या कमानींत उतरलीय. गॅलेरिया उभारणारा वास्तुकार मेंगोनी, काम संपत आलेलं असताना १८७७ च्या डिसेंबरात परांचीवरून पडून गेला, आणि पुढच्याच महिन्यात राजाही वारला. हे कळल्यावर ती कमान जरा वेगळीच दिसायला लागते.

पॅरिसचं मूळ साधं. फुटपाथ नव्हते, रस्ते चिखलाचे, त्यात घोडागाड्या. म्हणून इमारतींच्या पोटातून गल्ल्या काढून वर काच घातली. आपल्याकडे मुंबईत पावसात डी. एन. रोडच्या कमानींखालून कोरडं गेलेल्याला हे वेगळं समजवायला नको. पॅनोरामाचा पासाज १८०० चा. त्याच्या समोर रस्त्यापलीकडे जूफ्र्वा, त्याच्या पुढे व्हर्दो. तिन्ही एकापुढे एक, दोनदा रस्ता ओलांडायचा तेवढंच काय ते भिजणं. पुढे पॅरिसची नवी आखणी करणाऱ्या ओस्मानचे रुंद रस्ते आले, मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स आली आणि यातले बहुतेक पासाज गेले. उरले ते थोडे कळकट आहेत, हे मान्य. पॅनोरामात जेवणाच्या वेळी खाणावळींची टेबलं अर्धी वाट अडवतात. रविवारी बरीच शटरं खाली असतात, तेव्हा वार बघून जा.

आता आमचं घोडं कुठे अडलं ते सांगतो. मिलानला बसायला जागा नाही. आईचे गुडघे दुखायला लागले आणि अख्ख्या गॅलेरियात एक बाक सापडेना. शेवटी एका कॅफेत टेकलो. काउंटरपाशी उभं राहून प्यायची कॉफी टेबलावर बसलं की कितीतरी महाग, हे बिल आल्यावर कळलं. शिवाय चारही टोकं उघडी, गार वारा आरपार. कदाचित आमचा दिवसच वाईट असेल; धडधाकट माणसाला हे जाणवणारही नाही.

जूफ्र्वा मात्र मध्येच काटकोनात वळतो, तिथे चार पायऱ्या आहेत आणि वारा तिथवर पोचत नाही. एका जुन्या हातकाठ्यांच्या दुकानापुढे आई थबकली, तर आतल्या आजोबांनी न बोलता स्टूल बाहेर आणून ठेवलं. ती तिथे अर्धा तास बसली. चांदीच्या मुठीची एक काठी हातात घेऊन पाहिली, किंमत ऐकून हळूच परत ठेवली.

तुम्हाला फोटो हवे असतील तर मिलानलाच जा, बेलाशक. आम्ही तो शिल्लक दिवस पॅरिसला दिला. मिलानचा विषय निघाला की आई अजून विचारते, "ते मोठं स्टेशन होतं, तेच ना?"