उजवीकडे सरकवून बघितलं असतं तर

नोकरीच्या मुलाखतीत मिळालेल्या कोडमधल्या कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमधली एकेचाळिसावी ओळ मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. साधी, पोर्ट नंबर लिहिलेली. ती संपल्यावर तीनशेएक वेळा स्पेसबार दाबल्यासारखी मोकळी जागा होती आणि तिच्यापलीकडे, स्क्रीनच्या बाहेर, आणखी कोड बसला होता. लांब ओळी खाली दुमडून दाखवायची सोय मी एडिटरमध्ये बंद ठेवतो, कारण मला ते गबाळं वाटतं. या नीटनेटकेपणापायी माझ्या नावावर 8,914 डॉलरचं बिल चढलं. म्हणजे साडेसात लाख रुपये.

मी पुण्यात राहतो आणि बरीच वर्षं वेबचं काम करतो, अलीकडे स्वतःच्या जिवावर. कॉलेजात असताना पोरांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही उघड्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम चढवून देत हिंडायचो. ‘लिनक्सला व्हायरस येत नाही’ हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय याचा हिशेब नाही. हे आधी सांगतोय, कारण फसणारा माणूस अडाणीच असतो असा आपल्याकडे समज आहे.

ऑक्टोबर 2024 मध्ये एक मोठं काम संपलं आणि हातात दुसरं नव्हतं. तेवढ्यात नोकरीच्या साइटवर एका रिक्रूटर बाईंचा मेसेज आला. जुनं प्रोफाइल, भरपूर ओळखी, माझ्या जुन्या प्रोजेक्टचा नावानिशी उल्लेख. घरून काम, तासाला 55 डॉलर. मी हुरळलो. धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात मुलाखत झाली. समोरच्याचा कॅमेरा ‘नेट स्लो आहे’ म्हणून बंद. त्याने एका रेपोची, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड ठेवलेल्या जागेची, लिंक दिली: क्रिप्टो टोकनची देवाणघेवाण करणारी साइट, तिच्या लॉगिनमध्ये एक बग, तो चाळीस मिनिटांत स्क्रीन शेअर करून सोडवायचा.

मी विचारलंही होतं की डॉकरमध्ये, म्हणजे बाकी लॅपटॉपपासून वेगळ्या कप्प्यात, चालवू का. तो म्हणाला, वेळ जाईल, थेट चालवा, आम्हाला तुमची विचार करायची पद्धत बघायचीय. मीही विचार केला नाही. एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे लागणारी पॅकेजेस उतरवून घेतली, मग सर्व्हर सुरू. बग अठ्ठावीस मिनिटांत सापडला. अगदी खरा बग होता, आणि मी तो चांगला सोडवला. या गोष्टीची मला अजून विचित्र रुखरुख आहे.

सर्व्हर सुरू झाला त्याच क्षणी स्क्रीनबाहेरच्या कोडने कुठल्याशा साइटवरून मजकूर ओढून आणला आणि तोच प्रोग्राम म्हणून चालवला. रेपोत चोरी करणारा कोड शोधून सापडला नसता, कारण खरं विष रेपोत नव्हतंच. त्याने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड नेले आणि होम फोल्डरमधली क्लाउडच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या, अ‍ॅक्सेस कीची फाइलही. ती फाइल साध्या मजकुरात असते, कुलूप नाही, काही नाही. माझ्या खात्यात शिरायची ही किल्ली 2021 मध्ये ‘तात्पुरती’ म्हणून बनवलेली, सगळे अधिकार असलेली. आपल्याकडे तात्पुरत्या पत्र्याच्या शेडचं जे होतं तेच तिचं झालं.

रिक्रूटर बाईंनी ‘कळवते’ म्हटलं आणि आठ दिवस काहीच घडलं नाही. दिवाळीला आम्ही सांगलीला घरी गेलो, लॅपटॉप पुण्यातच. खर्च 50 डॉलरच्या वर गेला तर मेल यावा अशी सोय मी केली होती, पण ती मेल ज्या जुन्या पत्त्यावर जायची तो मी महिनोन् महिने उघडत नव्हतो. तशीही ही सूचना फक्त ओरडते, खर्च थांबवत नाही. आणि खर्चाचे आकडे काही तास उशिरा दिसतात, त्यामुळे ओरडते तीही उशिरा.

4 नोव्हेंबरला, सोमवारी, परत येऊन क्लाउडचं पान उघडलं. मुंबईच्या केंद्रात माझी दोन भाड्याची यंत्रं शांत चालू होती. बिल मात्र भलतंच. अर्धा तास मला वाटत होतं की हिशेबात चूक आहे. मग लक्षात आलं, ते पान एका वेळी एकाच रीजनची, म्हणजे जगातल्या एकाच भागातली, यंत्रं दाखवतं. मेनूतून साओ पाउलो निवडलं आणि पोटात गोळा आला. स्टॉकहोम, ओरेगॉन, सोल, सगळीकडे रांगा लागलेल्या.

यंत्रं बंद केली तर नवी उगवली, कारण चोरांनी ऑटोस्केलिंग, म्हणजे यंत्र कमी झालं की आपोआप नवं उभं करायची सोय, लावून ठेवलं होतं. काहींना ‘डिलीट करू नये’ असं संरक्षण दिलेलं. जुनी की रद्द केली तरी उपयोग नव्हता, त्यांनी तोवर माझ्याच खात्यात एक नवा युजर बनवला होता, नाव ‘बॅकअप’. पहाटे तीनपर्यंत मी एकेक रीजन झाडत होतो. एका यंत्राची सुरुवातीची स्क्रिप्ट वाचली तर आत मोनेरो नावाचं क्रिप्टो नाणं खणायला एक्सएमरिग हा प्रोग्राम लावलेला. एक्सएमरिग ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना उघडा. मला हसू आलं, आणि ते हसू काही बरं नव्हतं.

त्या वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या, डेटा दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीचं प्रकरण गाजलं होतं. ‘जिया तान’ नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने काम करून विश्वास कमावला आणि मग त्या लायब्ररीत चोरून शिरायचं मागचं दार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं, म्हणून ते सापडलं. मी तेव्हा मित्रांना छाती फुगवून सांगितलं, बघा, कोड उघडा होता म्हणून पकडलं गेलं. खरं तर एका माणसाला खटकलं म्हणून पकडलं गेलं. ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीतली हार्टब्लीड नावाची चूकही उघड्या कोडमध्ये 2012 पासून 2014 पर्यंत पडून होतीच. माझ्यापुढचा रेपोही उघडाच होता. त्याला चाळीसेक स्टार, म्हणजे लोकांची पसंती, होते, आणि त्या चाळिसांनी तो वाचला असेल असं मी गृहीत धरलं. मी ओपन सोर्स सोडणार नाही, बंद कोडमध्ये तर उजवीकडे सरकवायचीही सोय नसते. पण दार उघडं आहे म्हणजे आत कुणी डोकावून गेलंय, असं मी आता धरत नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पहिला प्रश्न, पैसे कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात गेले? माझे तर कुठेच गेले नव्हते, फक्त देणं चढलं होतं. हे समजावण्यात बराच वेळ गेला, तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची तक्रार पुढे कामी आली. क्लाउड कंपनीने तिची प्रत मागितली आणि सहा आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर बहुतेक बिल माफ केलं. 1,100 डॉलर भरावे लागले. त्याच खात्यात ज्यांचा डेटा होता त्या क्लायंटला, चिंचवडच्या एका वर्कशॉपवाल्या काकांना, मी स्वतः जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. चहा पाजला आणि पुढच्या महिन्यात काम दुसऱ्याला दिलं.

ही पद्धत नवी नव्हती, हे मागाहून कळलं. पालो आल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी नोव्हेंबर 2023 मध्येच तिला ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’ असं नाव देऊन तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता. माझा चोर कोरियाचा की कोथरूडचा, देव जाणे.

आता अनोळखी कोड मी वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवरच चालवतो आणि काम झालं की ते मशीन पुसून टाकतो. कायमची की एकही ठेवलेली नाही, काही तासांत मरणारी तात्पुरती परवानगी घेतो. रोज लॉगिन करायचा कंटाळा येतो. येऊ दे.

परवा नाशिकहून भाच्याचा फोन आला. फायनल इयरला आहे. “मामा, तासाला 40 डॉलर देतायत, एक बग सोडवायचाय फक्त.” म्हटलं, काही चालवू नकोस, नुसती कॉन्फिगची फाइल उघड आणि शेवटपर्यंत उजवीकडे जा. बराच वेळ नुसता माउसचा आवाज येत होता.

“मामा,” तो म्हणाला, “इथे अजून काहीतरी आहे.”