घरी रॅप रेकॉर्ड करायचंय: कंडेन्सर माइक की डायनॅमिक?

स्टुडिओत कंडेन्सर असतो म्हणून घरी पण तोच घ्यायचा असं बरेच जण करतात, पण स्टुडिओची रूम ट्रीट केलेली असते, म्हणजे भिंतींवर आवाज शोषणारं मटेरियल लावलेलं असतं, आणि आपली खोली म्हणजे चार उघड्या भिंती, फरशी आणि वर पंखा. कंडेन्सर सगळं ऐकतो. 'स', 'च' एकदम क्लिअर येतात, हळू आवाजातला फ्लो पण मस्त पकडतो, पण सोबत रिक्षा, शेजारचा कुकर आणि भिंतीवरून परत आलेला आवाज पण ट्रॅकमध्ये बसतो, आणि एकदा बसलेला तो घुमारा ईक्यूने (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारं टूल) निघत नाही, कॉम्प्रेसर (मोठ्या-हळू आवाजातला फरक कमी करणारं टूल) लावला की उलट अजून वर येतो. ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माइकला मिळणारी वीज, लागते ती वेगळीच.

डायनॅमिकमध्ये शुअरचा एसएम५८ बघा, १९६६ पासून स्टेजवर चालतोय. तोंडापासून चार बोटांवर ठेवून जोरात बार (रॅपच्या ओळी) टाकले तरी आवाज फाटत नाही, खोलीचा घुमारा पण कमी येतो. आवाज थोडा बंद वाटतो, तिथे वरचा भाग (ट्रेबल) ईक्यूने जरा उचला. गेन (माइकचा सिग्नल वाढवणं) मात्र भरपूर लागतो, हळू बोलणारा असेल तर स्वस्त इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) हिस, म्हणजे 'स्स्स' असा आवाज, येणार.

माझं ठाम मत, उघड्या खोलीत डायनॅमिकच घ्या. जाड गोधड्या टांगायची तयारी असेल तरच कंडेन्सर, आणि गोधडी तुमच्या पाठीमागे हवी, कारण कार्डिऑइड माइक (मुख्यतः एकाच बाजूने ऐकणारा) समोरचं ऐकतो, म्हणजे तुमच्या मागची भिंत. पॉप फिल्टर ('प', 'फ'चा फुंकर अडवणारी जाळी) दोन्हीला लावा.