पत्र्याची ट्रंक की चाकांची बॅग?

आजोबांची पत्र्याची ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. आत डांबरगोळ्यांचा वास आणि आईच्या लग्नातली सोलापुरी चादर. उंदीर, वाळवी, कुणालाच ती दाद देत नाही. फलाटावर गाडीची वाट बघताना वर बसताही येतं. पण उचलायला हमाल हवाच.

चाकांची बॅग त्या मानाने कालची. बर्नार्ड सॅडो यांना तिचं अमेरिकन पेटंट १९७२ साली मिळालं. ती पट्ट्याने ओढायची. १९८७ मध्ये वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी दोन चाकं आणि लांब दांडा देऊन ती उभी चालवली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाताना मी हीच घेते, एका हाताने जिनाही चढते. चादरी मात्र ट्रंकेतच. माझ्या बॅगेची चेन दोन वर्षांत उसवली, ट्रंकेची कडी अजून खटकन बसते.