‘संकल्प ठेव’ भरून वजन उतरवायला गेलो आणि ५३,४०० रुपयांना चाट बसली

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास कुणी "ठेव भरा, वजन उतरवा, ठेव वाढवून परत घ्या" असं सांगत आलं, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. नाव लिहीत नाही. नाव बदलायला या मंडळींना एक नवा फ्लेक्स पुरतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘दहा दिवसांत दहा किलो’ला भुलणारा माणूस मी नाही. असल्या पावडरी आणि पोटाचे पट्टे विकायला येणाऱ्यांना मी स्वतः ऑफिसातून हाकललंय. पण हे लोक तसं काही बोललेच नाहीत. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून घाई नको. भाकरी बंद करू नका, एक कमी खा. मोडाची उसळ, ताक, पालेभाजी, तेल मोजून. रात्री आठच्या आत जेवण आणि रोज पाऊण तास चालणं. शुगर काठावर आली तेव्हा माझ्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही आठवड्याला अर्धा किलो हाच वेग सुरक्षित धरलाय. मग संशय घ्यायचा तरी कशाचा?

मेख ठेवीत होती. "काका, पैसे अडकले की माणूस शिस्तीत राहतो," असं तो कोच पोरगा म्हणाला आणि मला ते पटलं. कुणालाही पटेल. पहिली ‘चाचणी फेरी’ २,१०० रुपयांची. दीड किलो उतरल्याचं दाखवून त्यांनी २,४०० परत दिले, थेट फोनवर. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मग ‘९० दिवसांचा संकल्प’. माणशी १५,००० भरायचे, सहा किलो उतरले की १८,००० परत. माझे आणि आमच्या हिचे मिळून ३०,०००. वर ‘आहार किट’ सक्तीचं, ४,३५० चं एक, म्हणजे ८,७००. वहिनी माझ्या शब्दावर आल्या, त्यांचे १५,००० मी खिशातून भरून दिले. किटचे त्यांचे त्यांनी सोसले. झाले ५३,७००. त्यातून पहिल्या फेरीत मिळालेले ३०० वजा करा.

किट उघडल्या उघडल्या आमची ही म्हणाली, "अहो, हे तर डाळ्याचं पीठ आहे. पंढरपुरी डाळं आणि दूध पावडर." मी म्हटलं, तुला सगळ्यातच पीठ दिसतं. पाकिटावर उत्पादनाची तारीख नव्हती आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांकही नव्हता. पाकीट हातात घेतलं की आधी तो क्रमांक शोधा. नसेल तर तिथेच परत करा.

पण ज्याने माझी झोप उडवली ते किट नव्हे, तो काटा. दर शनिवारी सकाळी वजन. काचेचा काटा, आणि जिथे आकडा उमटतो तिथे एक हिरवा गोल स्टिकर चिकटवलेला : ‘आकड्याकडे नको, ध्येयाकडे बघा’. आकडा फक्त कोचच्या मोबाइलवर यायचा. तो वाचून दाखवायचा, सगळे टाळ्या वाजवायचे. त्या स्टिकरची एक कड सुटलेली होती. माझ्या पायाच्या अंगठ्याला ती लागायची. नख घातलं असतं तर निघाला असता. दर शनिवारी त्या कडेवर पाय ठेवून मी उभा राहिलो आणि टाळ्या ऐकल्या.

मधल्या एका शनिवारी त्याने ८४.१ सांगितलं. दुपारी मार्केट यार्डात ज्वारीचं पोतं घ्यायला गेलो, तिथल्या काट्यावर हमाल म्हणाला, "चढा की साहेब, बघू." ८६.८! दोन किलो सातशेचा फरक. कोचला विचारलं तर म्हणाला, "काका, सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी जेवून फरक पडणारच. अंगात पाणी साठतं." आता हेही खोटं नाही. पाणी, मीठ, जेवण यांनी दिवसभरात वजन किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतंच. मला वाटलं, वाण्याचा काटा, तो जास्तच दाखवणार! यार्डातल्या काट्यावर वैधमापनचा, म्हणजे काटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का होता आणि यांच्या काट्यावर स्टिकर. तरी मी शिक्क्यावर संशय घेतला. त्यांच्या गोड बोलण्याचा हा परिणाम, दुसरं काय.

या खोट्या आकड्यांनी दुहेरी नुकसान केलं. काटा उतरतोय म्हटल्यावर माणूस सैल पडतो. मी पडलो. संध्याकाळी चहाबरोबर एक कंदी पेढा सुरू झाला, पावसाचं निमित्त करून चालणं चुकलं. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, ती टाळ्यांनी जळत नाही. खरा आकडा कळत असता तर मी वेळीच सावरलो असतो.

शेवटच्या शनिवारी स्टिकर गायब. "आज तुम्हीच बघा काका." ८५.९. हवं होतं ८२.४. हिचंही तसंच, वहिनींचंही. "संकल्प मोडला, ठेव जप्त." फॉर्मच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं : ‘संस्थेचा काटा अंतिम राहील’. म्हणजे लोकांनी नातेवाईक आणावेत म्हणून तीन महिने काटा खोटा, आणि पैसे गिळायच्या दिवशी खरा. पुढच्या आठवड्यात त्या दारावर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लागली.

पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदाराने पहिला प्रश्न काय विचारावा? "किती किलो कमी करायचं होतं?" शेजारचे दोघे हसले. फॉर्म वाचून म्हणाला, "साहेब, यात फसवणूक कुठाय? तुम्ही पैज हरलात." मी म्हटलं, परत करायच्या बोलीवर लोकांकडून विनापरवाना ठेवी गोळा करायला सरकारचा २०१९ चा बंदी कायदा आहे, तो तरी बघा. "अर्ज ठेवून जा." पोच मागितली तर शिक्का देणारा रजेवर. काट्याच्या तक्रारीसाठी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथे उत्तर : घरगुती काटे आमच्याकडे येत नाहीत, व्यवहारासाठी वापरले तरच. अहो, त्या काट्यावर माझे पंधरा हजार ठरणार होते, हा व्यवहार नाही तर काय सत्यनारायण? किट घेऊन तिसरीकडे गेलो तर "उघडलेलं पाकीट चालत नाही". उघडल्याशिवाय आत डाळं आहे हे कळणार कसं, ते मात्र कुणी सांगेना. प्रत्येक टेबलावर माझ्या पोटाकडे एक नजर टाकून मग कागदाकडे बघायचे. पासष्टीचे सेवानिवृत्त लोक माझ्यासोबत फसलेत, ते या नजरेपायीच घरी बसलेत.

वजन करायचं तर आकडा स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशाच काट्यावर, दर वेळी त्याच काट्यावर आणि सकाळी उपाशीपोटी. पोटाचा घेर टेपने मोजा. टेपला स्टिकर लावता येत नाही. पहिल्या फेरीत पैसे परत मिळाले तर तिथेच थांबा, ते आमिषच असतं. फॉर्मची मागची बाजू वाचा. नात्यातल्या कुणाला शब्द देऊ नका. आणि चालायला ठेव कशाला लागते? अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर पहाटे अर्धा सातारा फुकट चालतो. माझं जे अडीच किलो खरोखर उतरलं ते तिथेच. त्यात त्यांच्या डाळ्याच्या पिठाचा काही हात नाही.

आता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी फॉर्म, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि ग्रुपवरचे मेसेज जपून ठेवा, ग्रुप सोडू नका. अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. नाव, पत्ता, रक्कम, तारीख एवढंच भरायचं आहे. वजनाचा रकाना ठेवलेला नाही.