अरबी कथा मराठीत: थेट की इंग्रजीमार्गे?

पणजीत पदव्युत्तर वर्गाला अरबी कथा मराठीतून शिकवायची झाल्यास दोन वाटा दिसतात: इंग्रजी भाषांतरावरून मराठी करणे किंवा थेट मूळ अरबीवरून. इंग्रजीची वाट सोपी आहे, कारण इजिप्तचे अरबी कादंबरीकार नजीब महफूज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाल्यानंतर त्यांच्या कादंबऱ्या इंग्रजीत सहज मिळू लागल्या आणि गोव्यातल्या विद्यार्थ्याला ती भाषा शाळेपासून येते. मात्र इंग्रजीतला ‘अंकल’ मराठीत आणताना काका की मामा, हे ठरवता येत नाही. अरबीत ‘अम्म’ म्हणजे काका आणि ‘खाल’ म्हणजे मामा, त्यामुळे मूळ वाचणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. तसेच स्त्रीला उद्देशून येणाऱ्या अरबी ‘जहब्ति’चे मराठीत ‘तू गेलीस’ असे नेमके होते, इंग्रजी ‘यू वेंट’मध्ये मात्र ती स्त्री हरवते.

थेट वाटेवरचे खड्डे वेगळे. ‘गरीब’ हा आपल्या ओळखीचा शब्द अरबीत ‘परका’ या अर्थाने येतो आणि ही फसवी जवळीक चांगल्या विद्यार्थ्यालाही चकवते. शिवाय अरबी छापील मजकुरात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे व्याकरण पक्के नसल्यास वाक्य नीट वाचताही येत नाही. तरीही माझा कौल थेट वाटेलाच आहे. इंग्रजी प्रत ताडून पाहण्यापुरती शेजारी असावी.