टोपीची लॉकवाली पिन: उत्तरायणापासून पावसाळ्यापर्यंत वापरून

टोपीच्या पिनेचं टोपण, म्हणजे तिच्या उघड्या टोकावर बसवायचं लॉक, घेताना सगळेच ते ओढून बघतात, निघत नाही ना म्हणून. मी हल्ली उलटं करते. डोळे मिटायचे, हात अंबाड्यामागे न्यायचा आणि ते एका हाताने निघतंय का ते बघायचं. डिसेंबरात बनवून घेतलेली पिन आता पाऊस सुरू झाला तरी रोज वापरात आहे आणि एवढ्या महिन्यांत माझं मत याच एका मुद्द्यावर येऊन ठरलं आहे. घट्ट बसणारं टोपण कुणीही देईल. आरसा नाही, डोक्यावर ऊन, एक हात पतंगाच्या फिरकीत अडकलेला, अशा वेळी मुकाट्याने निघणारं टोपण मिळणं कठीण.

आमच्या बडोद्यात टोपीची खरी परीक्षा उत्तरायणात होते. १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, दोन्ही दिवस सकाळपासून अंधार पडेपर्यंत माणसं अगाशीवर, म्हणजे गच्चीवर. वारा हवाच असतो, आणि जो वारा पतंग उचलतो तोच रुंद काठाची टोपीही उचलतो. हनुवटीखालची नाडी मला सोसत नाही. घामाने काचते आणि झुळूक आली की टोपी पाठीवर लोंबते. केसांच्या चापांनी एक दिवस निभावतं, पण खळ दिलेल्या कापडावरून ते घसरतात. अंबाडा घालणाऱ्या बाईला सरळ, लांब पिनेसारखं दुसरं काही नाही. टोपीच्या कापडातून आत, अंबाड्याच्या बुडाशी केस पकडून आडवी, आणि पलीकडे पुन्हा कापडातून बाहेर. एकदा अशी बसली की वाऱ्याने टोपी हलते, पण डोक्याला धरून हलते.

भानगड बाहेर आलेल्या टोकाची. अगाशीवर प्रत्येकाची मान वर, पाय मागे मागे जाणारे, आणि मधून पोरं धावणारी. त्यात कुणाच्या डोक्यामागून दोन इंच उघडी सुई बाहेर आलेली असेल तर काय होईल ते सांगायला नको. माझ्या भाचीने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, “मावशी, हे तर हत्यार आहे!” तिचं काही चुकलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आणि युरोपात बायकांच्या टोप्या एवढ्या रुंद झाल्या की पिना फूटभर लांबीपर्यंत गेल्या, आणि ट्राममध्ये, गर्दीत लोकांचे गाल आणि डोळे धोक्यात आले. शिकागो शहराने १९१० मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब पिना घालायलाच बंदी केली. टोकावर घालायची टोपणं तेव्हाही निघाली होती. मग १९२०च्या दशकात केस आखूड झाले, टोप्या डोक्याला घट्ट बसणाऱ्या आल्या, आणि पिनेची गरजच संपली. आपल्या नेहमीच्या सेफ्टी पिनेत टोक झाकायची सोय आहेच. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने १८४९ साली तिचं पेटंट घेतलं. पण तिची दुहेरी काया अंबाड्यातून आरपार जाऊ शकत नाही. पदराला ठीक, टोपीला नाही.

तर माझी पिन. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतली. स्टेनलेस स्टीलची ३०४ ग्रेडची ओढीव तार, जाडी १ मिलिमीटर, लांबी १५ सेंटिमीटर. ती लोहचुंबकाला किंचित चिकटते म्हणून “हे स्टेनलेस नव्हेच” असं मला घरात दोघांनी ऐकवलं. ३०४चा पत्रा सहसा चिकटत नाही हे खरं, पण तीच धातू थंड अवस्थेत ओढून तार केली की थोडी चुंबकीय होते. तेवढ्यावरून परत करू नका. डोक्याकडच्या बाजूला एक काचेचा मणी इपॉक्सीने बसवला आहे, अजून हललेला नाही. त्याबद्दल एवढंच.

जाडीबद्दल मात्र बोलायला हवं. मला पिन बारीक हवी होती, कापडाला भोक कमी पडावं म्हणून. वर्कशॉपमधला लेथ चालवणारा टर्नर म्हणाला, “बेन, आनाथी वधारे पातळुं नहीं थाय, वळी जशे.” म्हणजे, याहून बारीक होणार नाही, वाकेल. बरोबर म्हणाला. आता मला वाटतं १ मिलिमीटरसुद्धा कमीच आहे. जोराच्या वाऱ्यात माझी पिन मधे वाकते आणि ती वाकली की टोपणावर सरळ ओढ न येता तिरका ताण येतो. जाडी १.२ केली तर वाकायला विरोध जवळपास दुप्पट होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. भोक मात्र पाव मिलिमीटरही वाढत नाही. दुसरी पिन १.२चीच सांगितली आहे.

आता टोपणं. पहिलं रबराचं, कानातल्याच्या मागे असतं तसंच पण मोठं. नवं असताना छान. केसांचं तेल लागलं की रबर फुगतं, ढिलं पडतं, आणि उन्हाळ्यात तर बोटाने ढकललं तरी निघतं. बाद. दुसरं बिल्ल्यांच्या मागे असतं ते दोन पंखांचं पितळी. पंख दाबले की सुटतं. सुटायला हे सगळ्यात सोपं, पण सुटायला नको तेव्हाही तितकंच सोपं, कारण उशीला किंवा खुर्चीच्या पाठीला पंख दाबले गेले की काम झालं. शिवाय ते पंख केस ओढतात. तिसऱ्याला आडवा बारीक स्क्रू असतो, तो षटकोनी किल्लीने आवळायचा. पकड अशी की टोपी फाटेल पण टोपण हलणार नाही. पण डोक्यामागे किल्ली लावणार कोण? अगाशीवरून खाली येऊन सूनबाईला हाक मारायची, ती चष्मा शोधणार, मग किल्ली शोधणार. कपाटात कायम लावून ठेवायच्या बिल्ल्याला हे ठीक आहे.

मी टिकवलं ते चौथं, छऱ्याचं. टायपिनला असतं त्याच जातीचं, बोराच्या बीएवढं. आत निमुळती पोकळी, त्यात दोन-तीन बारीक छरे आणि त्यांना अरुंद बाजूकडे ढकलणारी स्प्रिंग. पिन आत घालताना छरे मागे सरतात. टोपणाच्या बुडाला कापडाचा धक्का बसला की छरे अरुंद जागेत आणखी रुतून पिनेला धरतात, म्हणजे वारा जितका ओढेल तितकी पकड घट्ट. काढताना वरची शेंडी ओढायची. शेंडीबरोबर छरे रुंद भागात येतात आणि सगळं टोपण हातात. पिनेवर खाच लागत नाही, कुठेही थांबतं, त्यामुळे सुती टोपी असो की जाड गवती, टोपण कापडाला टेकवून बसवता येतं. बोटांना काय ओढायचं ते चटकन कळतं, आणि एका हाताने निघतं. माझ्या परीक्षेत हे एकटं पास झालं, पण पहिल्या फेरीत नाही.

उत्तरायणाच्या सकाळी ते बसेचना. आदल्या दिवशी घरात व्यवस्थित चाललेलं, आणि सकाळी अगाशीवर शेंडी अर्धी बाहेर येऊन तशीच राहिली, स्प्रिंग परतेना, पकड शून्य. कारण शोधायला वेळ लागला नाही, कारण बाटलीतच होतं. केसांना खोबरेल लावलेलं, पिन रोज त्यातून जाते, टोकावरून तेल टोपणात उतरतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं आणि बडोद्यातली जानेवारीची पहाट त्याच्या कितीतरी खाली असते. आत छरे गोठलेल्या तेलात रुतून बसले होते. टोपण मुठीत धरून ऊब दिली, दहा वाजेपर्यंत ऊन चढलं, आणि मग आपोआप चाललं. टोपण विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात याचा एक शब्द नाही. ते लिहिणाऱ्याने केसांना तेल लावलेलं नसावं.

थंडी गेल्यावर तेलाने दुसरा त्रास दिला. पातळ तेल छरे आणि पिन यांच्यामध्ये गेलं की घर्षण कमी होतं, आणि ही पकड तर पूर्ण घर्षणावर उभी. रविवारी डोक्याला तेल मुरवून संध्याकाळी कमाटीबागेत फिरायला गेले तर जोराने ओढल्यावर टोपण सूतभर सरकायचं. निघून कधी आलं नाही, पण सरकायचं. उपाय साधा आहे: टोक बाहेर आलं की टोपण घालण्याआधी ते रुमालाने पुसायचं. आणि महिन्यातून एकदा टोपण कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून, शेंडी आतबाहेर करत धुवायचं, मग झटकून पूर्ण वाळवायचं. वाळवणं महत्त्वाचं, कारण छरे आणि स्प्रिंग स्टेनलेस असतीलच असं नाही. माझ्या पहिल्या टोपणाचे नव्हते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, घाम, घामातलं मीठ. महिनाअखेरीस शेंडी फिरवली की करकर आवाज आणि पांढऱ्या टोपीवर तपकिरी ठिपका. बाहेरचं पितळही मुलामा उडालेल्या जागी हिरवट पडलं. ज्यांना निकेलने खाज येते त्यांनी मुलाम्याचं टोपण घेऊच नये. ३०४मध्येही निकेल असतं, साधारण आठ टक्के, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असतं आणि मुलाम्यातल्यासारखं सहज सुटत नाही. मी नंतर आतून-बाहेरून स्टेनलेस असलेलं टोपण मागवलं. तिप्पट किंमत पडली, पण ठिपका पुन्हा दिसला नाही.

एक दोष मात्र धातू बदलूनही राहिला. शेंडी ओढली की सुटतं, मग ती कुणीही ओढो. ऊन लागतं म्हणून मी मानेवर ओढणी घेते आणि तिच्या काठाची जाळी एकदा शेंडीत अडकली. मान वळवली आणि टोपण गेलं. अगाशीवर पडलं म्हणून सापडलं, बागेत पडलं असतं तर नाही. टर्नरकडे जाऊन विचारलं की शेंडीभोवती उंच कठडा करता येईल का. केला. आता शेंडी निम्मी कठड्यात बुडालेली असते, ओढणी अडकत नाही, पण नखाने पकडायला जागा कमी झाली. मग शेंडीच्या कडेला नर्लिंग करून घेतलं, म्हणजे बारीक खडबडीत चौकड्या, त्यामुळे बोट घसरत नाही. शिवाय बुडाजवळ एक छोटी कडी, तिला दोरा बांधून दोऱ्याचं दुसरं टोक टोपीच्या आत शिवून टाकलं. टोपण सुटलं तरी आता ते लोंबकळतं, हरवत नाही. माझ्या मते लॉकपेक्षा ही कडी जास्त कामाची, आणि बाजारातल्या एकाही टोपणाला ती नसते.

टर्नरला स्वतःला वेगळीच कल्पना आवडली होती: टोकापासून थोडं आत पिनेला गोल खाच आणि टोपणात त्या खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी. बसताना टक असा आवाज येतो. आवाजाचं मला फार कौतुक, कारण डोक्यामागे काय चाललंय ते कानाला कळतं. छऱ्याचं टोपण बसलं की नाही ते एकदा ओढून बघावं लागतं. पण खाचेच्या कडेला केस अडकतात, गवती टोपीचे धागे तुटतात, आणि टोपण त्याच जागी बसणार म्हणून टोपी पातळ असली की मधे मोकळी जागा राहते. दोन-तीन खाचा केल्या तर केसांचे हाल तिप्पट. खाचेच्या कडा पॉलिश करून गोल केल्या तर बरं होतं, पण कडा जितक्या गोल तितकी पकड कमी. एकाच प्रकारची टोपी घालणाऱ्यांनी हे करून बघायला हरकत नाही.

टोपीबद्दल थोडं. सुती कापडातून पिन काढल्यावर धागे पुन्हा जवळ येतात. गवती टोपीत रोज त्याच जागी टोचलं की काडी तुटून भोक मोठं होतं आणि बारीक टोपण त्यातून आत घुसतं. आतून नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचा, छोटा तुकडा शिवून टाकला की प्रश्न मिटतो. आणि पिनेचं टोक फार अणकुचीदार नको. टर्नरकडून आलं तेव्हा सुईसारखं होतं, कापडापेक्षा टाळूला आधी लागायचं. बारीक पॉलिश पेपरवर थोडं बोथट करून घ्या. विणलेल्या कापडातून बोथट टोक धागे बाजूला सारून जातं.

आखूड केस असतील तर हे सगळं विसरा, पिनेला धरायला काही नाही. स्कूटरवर तर टोपी काढून हेल्मेटच, आणि हेल्मेटखाली पिन कधीही ठेवू नका. लहान मूल कडेवर घेणारीने टोपण लावूनसुद्धा पिन वापरू नये असं मी म्हणेन, कारण ओढून बघायला शेंडीइतकी सोयीची वस्तू त्यांना दुसरी मिळणार नाही.

भाचीला येत्या नवरात्रासाठी ओढणीच्या आखूड पिनांवर हीच टोपणं हवी आहेत. आमच्याकडे गरबा अनवाणी खेळतात, मैदानात पडलेली एक पिन म्हणजे कुणाच्या तरी टाचेत. तिला सहा टोपणं करून द्यायचं कबूल केलं आहे, कडीसकट. कठडा तिला नको आहे, जाड दिसतो म्हणते. तिची ओढणी सगळी टिकल्या-आरशांची, त्यामुळे कठडा तिलाच सगळ्यात जास्त लागेल. टर्नरला मी दोन्ही प्रकार तीन-तीन करायला सांगितले आहेत.