आठ महिने समुपदेशन: 'तास' मात्र ५० मिनिटांचाच

आधी तक्रार. फी तासाची, सेशन ५० मिनिटांचं. काल नवरा आठ महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलला, "मला तुझी भीती वाटायची," एवढंच म्हणाला, आणि मॅडमनी वही मिटली. पुढचं आता पंधरा दिवसांनी! उरलेल्या १० मिनिटांत त्या नोंदी लिहितात म्हणे. लिहा की, पण आमच्या पैशांत?

गेलो कशाला, तर त्याने दीड वर्ष माझ्यापासून कर्ज लपवलं होतं. बँकेचा फोन मी उचलला तेव्हा कळलं. कर्ज फेडायचं सोडून त्यावरच्या भांडणासाठी पैसे मोजायचे, हा हिशेब मला मुळीच पटत नव्हता. पहिल्या तीन सेशननंतर माझं मत एकच: पैसे पाण्यात. चूक कोणाची, हे मॅडम सांगेचनात.

चौथ्या वेळी एक पोरकट वाटणारा प्रकार करायला लावला. मी बोलायचं, त्याने ऐकायचं, मग माझं म्हणणं त्याच्या शब्दांत मला सांगायचं. मी 'बरोबर' म्हटल्याशिवाय त्याने स्वतःची बाजू मांडायची नाही. दोनदा त्याने मध्येच 'पण' घुसवला. तिसऱ्यांदा म्हणाला, "पैशांचं नाही. बँकेतल्या परक्या माणसाला जे माहीत होतं ते तुला माहीत नव्हतं, हे लागलंय." माझ्या तोंडून 'बरोबर' निघेना.

तर, पैसे पाण्यात हे मत मागे घेते.

दुसरी कामाची गोष्ट ब्रेकची. जॉन गॉटमन या अमेरिकन संशोधकाने जोडप्यांना वादाच्या विषयावर बोलायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. ठोके फार वाढले की समोरच्याचं डोक्यात शिरतच नाही, म्हणून निदान २० मिनिटं थांबायचं. पण परत कधी बसणार ते सांगून उठायचं. आमच्याकडे हा गप्प होऊन बाहेर जायचा नि मी बोलत मागे मागे. आता "वीस मिनिटं" म्हणून उठतो आणि खरंच येतो. पहिल्यांदा एकोणिसाव्या मिनिटाला आला. हो, मी घड्याळ लावून बसले होते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खात्याचा हिशेब मी न मागता त्याने दाखवायचा, असं तिथेच ठरलं. या रविवारी मी विसरले. त्यानेच फोन पुढे केला.

पुढच्या सेशनला जाणारच आहोत. त्या १० मिनिटांचं मात्र मी विचारणार आहे.